सासूबाईंची अंघोळ, रात्रीची खाज आणि माकडहाडावरचा लाल डाग

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका ताईंच्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. २० वर्षांचा मधुमेह, अलीकडे विसरभोळेपणा, रात्री डायपर. कुणी धरलं तर घरात चार पावलं चालतात, बाकी दिवस खुर्चीत नाहीतर पलंगावर. रात्रभर अंग खाजवतात. अंघोळीचं नाव काढलं की भांडतात, म्हणून रोज सकाळी सून आणि ब्यूरोची मावशी मिळून त्यांना कढत पाण्यानं, बादलीत टोपणभर जंतुनाशक टाकून, साबण चोळून न्हाऊ घालतात. वर भरपूर पावडर. तरी जांघा लाल झाल्यात आणि चार दिवसांपासून माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे. मावशी म्हणते, तेल लावून जोरात चोळलं की जाईल. साबण कोणता, अंघोळ किती वेळा, आणि तीन आठवड्यांवर आलेल्या दिवाळीत आजींना उटणं लावून अभ्यंगस्नान हवंय, ते घालायचं का?

ताई, साबणाचं मागाहून सांगते. आधी तो डाग.

आजींना कुशीवर वळवा. खिडकीच्या उजेडात डागावर बोट ठेवून तीनपर्यंत मोजत दाबा आणि उचला. दाबलेली जागा क्षणभर पांढुरकी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून फिरतंय. दाब काढला की दिवसा-दोन दिवसांत ती जागा पूर्ववत होते. बोट उचलल्यावरही डाग तसाच लाल राहिला, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून-बसून दाबानं होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे. वरची कातडी अखंड असते म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण आत हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जात असतं. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीनं चाचपा. आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट किंवा उलट लिबलिबीत लागतंय का, जांभळट झाक आहे का, ते बघा. जांभळं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि चोळायचं नाही. मावशीला रागावू नका, कारण हे तिला आमच्याच लोकांनी शिकवलेलं असणार. मी नर्सिंगला लागले तेव्हा वॉर्डात रोज संध्याकाळी पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून, लाल जागा गोल गोल चोळायचा तासच असायचा. मीही कितीतरी पाठी चोळल्या. पुढे कळलं की चेपलेल्या मांसाला वरून रगडलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी तुटतात, आणि स्पिरिटनं कातडीचा उरलासुरला ओलावा उडून जातो. मधे भोक असलेली गोल उशीसुद्धा नको. तिच्या कडेनं रक्त अडतं आणि मधली जागा उलट सुजते.

करायचं ते साधं आहे, फक्त चिकाटीचं. पलंगावर असताना दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर वळवायची गरज नाही. पाठीमागे उशी देऊन जेमतेम ३० अंश कललं तरी माकडहाडावरचा भार सुटतो. टाचा हवेत राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्या. नुसत्या टाचेखाली दिली तर भार तिथेच येतो. जेवण आणि टीव्हीसाठी पलंगाचं डोकं उंच करून तासन्‌तास बसवू नका. माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते, हाड खाली सरकतं आणि नेमकी हीच जागा आतून फाटते. खुर्चीतही दर अर्ध्या तासाला थोडं उठवा किंवा बाजूला कलवा. वर ओढून घेताना काखेत हात घालून फरफटवू नका. दोघींनी मिळून खालची आडवी चादर धरून उचला.

हवेची गादी घेतली असेल तर तिच्यावर एकच पातळ चादर, तीही सैल. मी अशी घरं बघितलीत जिथे हवेच्या गादीवर रबरी कापड, त्यावर सतरंजी, त्यावर दोन घड्यांची गोधडी. मग त्या गादीचा पंप नुसता वीज खातो. आणि गादी आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही.

आता खाज.

तुम्ही लिहिलंय की रोज इतकी स्वच्छता राखूनही खाज जात नाही. माझ्या अनुभवात खाज बहुतेक वेळा त्या ‘इतक्या स्वच्छतेनंच’ आलेली असते. म्हातारपणी कातडीतल्या तेलग्रंथींचं काम मंदावतं, वरचा थर पातळ होतो, आणि आत पाणी धरून ठेवणारी स्निग्धता कमी पडते. निरोगी कातडी किंचित आंबट असते, तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५ च्या आसपास. आकडा जितका मोठा, तितका आंबटपणा कमी. आपल्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. तरुण कातडी काही तासांत सावरते, आजींची सावरायच्या आत दुसऱ्या दिवशीची अंघोळ येते. त्यात कढत पाणी, म्हणजे खरकटं तूप धुवायला जे वापरतो तेच. त्यात जंतुनाशक. आणि पाणी बोअरचं असेल, तर साबणाचा फेस नीट होत नाही, त्याचा पांढरा साका कातडीवरच बसतो आणि चुरचुरतो. नागपुरात दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की हे सगळं दुप्पट जाणवणार. नडग्यांवर नख ओढून बघा. पांढरी रेघ उमटून कोंडा उडाला, तर दुखणं कोरडेपणाचं आहे.

म्हणून पहिल्यांदा जंतुनाशकाची बाटली बाथरूममधून बाहेर. फरशी पुसायला वापरा.

सबंध अंगाची अंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. दचकू नका. बाकीच्या दिवशी तोंड, काखा, छातीखालची घडी, जांघा, मागची-पुढची जागा आणि पाय एवढंच कोमट पाण्यानं धुवायचं किंवा पुसून घ्यायचं. हात, पाय, पाठ, पोट यांना रोज साबणाची काहीच गरज नसते, तिथे घाम फारसा येत नाही. साबण लागेल तिथे ‘सिंडेट’ किंवा ‘सोप-फ्री’ लिहिलेली वडी आणा. तीही फक्त घड्यांमध्ये आणि तळपायांना. ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’, ‘ग्लिसरीनयुक्त’ या शब्दांना पीएच नसतो. वास जितका घमघमीत, तितकं म्हाताऱ्या कातडीला वाईट, एवढा ढोबळ नियम धरा.

टॉवेलही बघा. आमच्या सोलापूरचे जाड टर्किश टॉवेल तुम्हा-आम्हाला छान, आजींना ते कानशीसारखे लागतात. धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. आणि अंग पुरतं सुकायच्या आत, दोन-तीन मिनिटांत, ओलसर अंगावरच क्रीम किंवा तेल लावायचं. हे वेळेचं गणित निम्मं औषध आहे. दुपारी सुकलेल्या अंगावर लावलेलं महागडं लोशन अंघोळीनंतर लगेच लावलेल्या साध्या पेट्रोलियम जेलीपुढे फिकं पडतं. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन स्वस्त आणि चांगलं. खोबरेलही चांगलं. मोहरीचं तेल मात्र नको, ते कातडीचा थर सैल करतं. टाचांच्या भेगांना १० टक्के युरियाचं क्रीम रात्री लावून वर सैल सुती मोजे घाला. चीर ओली असेल तर आधी ती मिटू द्या, युरिया झोंबतो. लावताना लव ज्या दिशेला असते त्याच दिशेनं हात फिरवा, नाहीतर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. आणि तेल कधीही अंघोळीच्या आधी, उभ्यानं, बाथरूममध्ये नको. तेलकट तळवा आणि ओली फरशी यांची गाठ पडली की खुब्याचं हाड मोडतं. खुर्चीत किंवा पलंगावर बसवून लावा, पायांना सगळ्यात शेवटी, आणि मोजे घालूनच उठवा.

हे तीन-चार आठवडे नेमानं करून खाज निम्म्यावर आली नाही, तर ती नुसत्या कोरडेपणाची नाही. तेव्हा मी तीन गोष्टी बघते.

एक, खरूज. रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला बारीक पुरळ. घरात आणखी कुणी खाजवतंय का? मावशी खाजवतेय का? हे विचारायला संकोच वाटतो, पण ती चार घरं फिरते आणि तिला खरूज झाली तर त्यात तिची काही चूक नाही. औषध एकट्या आजींना देऊन उपयोग नसतो. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम लिहून दिलं तर घरातल्या सगळ्यांनी आणि मावशीनंही एकाच रात्री लावायचं, आठवड्यानं पुन्हा एकदा. वापरलेल्या चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे, धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवायचं. म्हाताऱ्या माणसांत खरूज ओळखू येत नाही, कारण कुणीतरी आधीच स्टिरॉइडचं मलम लावून ती झाकलेली असते.

दुसरं, औषधं आणि आतले आजार. किडनी, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह, यांपैकी कशानंही पुरळाशिवाय खाज येते. साध्या रक्ततपासण्यांत ते दिसतं. मधुमेहाच्या गोळ्यांत ‘ग्लिप्टिन’ने संपणारं नाव, उदाहरणार्थ व्हिल्डाग्लिप्टिन, असेल आणि खाजेबरोबर लाल चट्टे किंवा पाण्यानं टरारलेले फोड दिसले, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. या गोळ्यांशी निगडित असा एक फोडांचा आजार आहे, आणि तो फोड यायच्या आधी काही आठवडे नुसता खाजेच्या रूपात असू शकतो. गोळी मनानं बंद करू नका, फक्त चिठ्ठी बरोबर न्या.

तिसरं, नागीण. ती बहुधा एकाच बाजूला येते, आधी आग आणि ठणका, मग फोडांचा पट्टा. आपल्याकडे गेरू लावतात, कुणाकडून तरी उतरवून आणतात आणि ‘तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो’ अशी भीती घालतात. कुणाचं काही जुळत नाही. यात एकच गोष्ट मोलाची आहे, ती म्हणजे वेळ. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर फोड लवकर भरतात आणि ठणका लवकर कमी होतो. डोळ्याजवळ आली तर रात्र असली तरी निघा. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस भारतात २०२३ पासून मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून ठेवा.

खाज थांबावी म्हणून मेडिकलवाल्याकडून झोपेची गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेऊ नका. क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीची औषधं. त्यांनी आजींचा विसरभोळेपणा वाढेल, लघवी तुंबेल, आणि रात्री उठताना तोल जाईल. आणि ते तीन-चार औषधांचं मिश्रण असलेलं मलम, जे प्रत्येक घराच्या फ्रिजवर एक पिळून चपटं झालेलं असतं, ते तर नकोच. त्यातल्या स्टिरॉइडनं दोन दिवस बरं वाटतं, नंतर नायटा पसरतो आणि आधीच कागदासारखी असलेली कातडी आणखी पातळ होते. २०१८ साली सरकारनं बरीचशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर ती आजही सहज सरकवली जातात.

जांघांकडे वळते. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून इथे दोन गोष्टी एकत्र असाव्यात. डायपर जिथे लागतो तो भाग लाल आणि चकचकीत असेल तर ती लघवीची भाजणी आहे. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, कातडीची आंबटता जाते, आणि त्यात शी मिसळली की तिच्यातले पाचक रस कातडीलाच पचवायला लागतात. पण लाली घडीच्या अगदी खोलात असेल, कडेला सुट्या बारीक पुटकुळ्या असतील, पांढरट थर असेल, तर ते बुरशीचं, आणि मधुमेहात ते व्हायचंच. त्याला क्लोट्रिमाझोलचं साधं क्रीम लागतं, मिश्रण नव्हे. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

पावडर बंद करा. ओलाव्यात तिचे खडे होतात आणि चालताना-वळताना तेच घासतात. तुमच्या सासूबाईंची मांडी धुताना पाण्यात पांढऱ्या शेवया निघत असतील बघा, त्या याच. घडी कोरडी ठेवायला जुन्या मलमलीची पट्टी घडीत ठेवा आणि दमट झाली की बदला. डायपर रात्रीतही एकदा बदलायला हवा, दिवसाही घालत असाल तर दर तीन-चार तासांनी. शी झाली तर तत्काळ. ‘गळतो’ म्हणून एकात एक दोन डायपर घालू नका, आतली वाफ दुप्पट होते. पलंगावर असताना दुपारी तासभर डायपर सोडून खाली अंडरपॅड टाका, हवा लागू द्या. पुसताना कायम पुढून मागे. बायकांमध्ये मागून पुढे पुसल्यानं मूत्रमार्गात जंतू जातात, आणि या वयात तो संसर्ग ताप न येता नुसता ‘आज आजी फारच भांबावल्यात’ एवढ्याच लक्षणानं येऊ शकतो.

धुऊन, टिपून झाल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पुढच्या वेळी ते पूर्ण खरवडून काढायचा अट्टाहास करू नका. मळलेला वरचा थर मऊ कापसानं तेलाचा हात लावून पुसा, खालचा पांढरा राहू द्या, त्यावर नवा द्या. घरच्या बायका स्वच्छतेच्या आवेशात तो पांढरा थर घासून काढतात आणि त्याबरोबर कातडीही येते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता जाऊन आधी हात धरते.

अंघोळीवरून भांडण. हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जवळचा भाग.

विसर पडू लागलेल्या माणसाच्या जागी बसून बघा. सकाळची थंडी, दोन बायका येतात, कपडे काढतात, आणि डोक्यावरून तांब्या ओततात. पाणी नाकातोंडात जातं, डोळे मिटावे लागतात, पायाखालची जमीन बुळबुळीत. ती माणसं कोण, हे त्या क्षणी आठवत नसेल तर? आजी भांडत नाहीत ताई, घाबरतात.

माझ्याकडे एक आजी होत्या, वय ८८. दोन महिने कुणालाही हात लावू देत नव्हत्या. सुनेच्या हातावर नखांचे ओरखडे. मी पहिल्या दिवशी फक्त त्यांचे पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवले आणि गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचा जुना पितळी तांब्या माळ्यावरून काढला, घासला, आणि पाण्यानं भरून त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो हातात तोलला, आणि कुणी काही न सांगता ‘गंगे च यमुने चैव’ सुरू केलं. पाणी स्वतःच्या खांद्यावर स्वतः घेतलं. सून दारामागे रडत उभी होती. ८० वर्षांची सवय डोक्यात नव्हती, हातात होती.

तर तुमच्यासाठी: वेळ बदला. सकाळी सातचा हट्ट सोडा, ऊन वर आल्यावर, अकराच्या सुमारास करा. ‘अंघोळ’ हा शब्दच नको, ‘चला, पाय शेकू’ म्हणा. आधी बाथरूममध्ये गरम पाणी ओतून वाफ करून घ्या. पाट नको, त्यावरून उठताना गुडघे आणि तोल दोन्ही जातात. हात असलेली प्लास्टिकची भक्कम खुर्ची ठेवा, खाली रबरी मॅट, भिंतीला पक्का बसवलेला दांडा. टॉवेल अडकवायची दांडी धरायला देऊ नका, ती उपटून हातात येते. कडी आतून कधीच नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आजी ‘अजून कढत हवं’ म्हणतील, कारण मधुमेहानं त्यांच्या कातडीला ऊन कळत नाही. विसण किती घालायचं ते तुमच्या कोपरानं ठरवा, त्यांच्या शब्दानं नाही. पाणी पायांपासून वर. सगळे कपडे एकदम काढू नका. खांद्यावर एक पंचा पांघरा, तो ओला झाला तरी चालेल, त्याखालून धुवा. डोकं शेवटी किंवा त्या दिवशी नाहीच. केस आठवड्यातून एकदा, वेगळ्या वेळी. एक हात त्यांच्या हातात काहीतरी धरायला देऊन गुंतवा. आणि नाहीच म्हणाल्या तर सोडून द्या, तासाभरानं पुन्हा विचारा. तोपर्यंत त्या नकार विसरलेल्या असतात, हा या आजाराचा एकुलता एक फायदा.

देवपूजेला अंघोळ लागते म्हणून त्या अडून बसत असतील तर त्यांना आठवण करून द्या की आजाऱ्यासाठी मंत्रस्नान शास्त्रातच सांगितलंय. गुरुजींकडून फोनवर वदवून घेतलं तर आणखी बरं.

पलंगावर अंग पुसायचं असेल तेव्हा दोन तसराळी घ्या, एक साबणाच्या पाण्याचं, एक साध्या. चेहरा साध्या पाण्यानं, डोळे नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कपड्याचा वेगळा कोपरा. मग एक हात, पुसून, टिपून, झाकून, मग दुसरा. जेवढं धुताय तेवढंच उघडं. पाठीआधी पाणी बदला, खालची जागा सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कपड्यानं.

या वेळी नजर फिरवायची. खरं सांगू, मला अंघोळ मळासाठी नकोच असते, बघण्यासाठी हवी असते. मागचं डोकं, कानाच्या पाळ्या, कोपरं, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा. छातीखालची घडी. आणि कंबर. परकराची नाडी ६०-६५ वर्षं एकाच जागी करकचून बांधलेली असते, तिथे काळपट, खरखरीत पट्टा पडतो. तिथे न भरणारी जखम दिसली तर ‘नाडी काचली असेल’ म्हणून सोडू नका. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या कमरेवरच्या जुन्या काचाच्या जागी कातडीचा कॅन्सर निघाला. हे क्वचित होतं. पण नाडी सैल करायला किंवा इलॅस्टिकचा गाऊन घालायला पैसे पडत नाहीत.

हातांवर जांभळे डाग दिसले तर घाबरू नका. पातळ कातडीखाली जरासा धक्का लागला तरी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत जातं. मात्र काचेच्या बांगड्या काढून ठेवा, त्यांच्या आणि तुमच्याही. मावशीची नखं कापलेली असू द्या. कातडी सोलली गेली तर हळद, कॉफी काही भरू नका. स्वच्छ पाण्यानं धुऊन, सोललेली पापुद्र्यासारखी कातडी ओल्या कापसाच्या काडीनं हळूच जागेवर पसरा, वर मेणचट जाळीची व्हॅसलिन गॉज आणि सैल पट्टी. चिकटपट्टी कातडीवर नाही.

पाय रोज संध्याकाळी. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, क्रीम तिथे नको, चिखल्या होतात. टाचेला वज्री लावू नका, कुरूप ब्लेडनं कापू नका. नखं अंघोळीनंतर मऊ झाल्यावर सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. गरम पाण्याची पिशवी पायाशी नको. आणि कुणी देवळात नेलं तर मोजे घालून. एप्रिलच्या उन्हात दगडी आवारात अनवाणी प्रदक्षिणा घालून तळपाय भाजलेले, आणि घरी येईपर्यंत ते कळलंच नाही असे मधुमेही मी पाहिलेत.

तोंडाचं थोडक्यात. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून कवळी त्यावर धरा, पडली तर फुटणार नाही. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, साबण चालेल. आजी मिश्री लावत आल्या असतील, आणि त्या पिढीतल्या पुष्कळ बायका लावतात, तर हिरड्या आणि गालाची आतली बाजू टॉर्च लावून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, दिसला तर दातांच्या डॉक्टरांकडे.

जखम उघडी पडली, पाणी किंवा पू आला, लाली भराभर पसरू लागली, पाय एका बाजूचा गरम आणि सुजलेला, ताप, किंवा अचानक घाण वास, यातलं काही झालं तर घरचं काही करत बसू नका. डागाचा फोटो रोज एकाच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा. डॉक्टरांना ‘वाढलाय का’ याचं उत्तर त्यात मिळतं.

राहिली दिवाळी. जरूर घाला अभ्यंगस्नान, त्यांनी मागितलंय. फक्त माकडहाडावरचा डाग तोवर उघडा पडलेला नको. पहाटेचा आग्रह नको, त्या दिवशीही ऊन आल्यावरच. उटणं अंगभर चोळू नका, दुधात कालवून फक्त तळहातांना आणि पायांच्या वरच्या बाजूला, वासापुरतं. हवा तर मोती साबण त्यांच्या हातात द्या, हात धुऊ दे त्यांना त्यानं. तेल आधी लावायचा मान हवाच असेल तर डोक्याला टिळा आणि खांद्यांना बोटभर, बाकीचं अंघोळीनंतर पलंगावर बसवून. आणि ओवाळताना निरांजन लांब धरा. तेल आणि पॅराफिन मुरलेला पदर साध्या कापडापेक्षा फार लवकर पेटतो. त्या दिवशी धुतलेली साडी नेसवा, आणि तबक हातात घेतलेल्या माणसाखेरीज दुसरं कुणीतरी त्यांच्या शेजारी उभं राहू दे.